मागाखालचं गाव

सत्याहत्तरच्या मे महिन्यातला सोमवार होता. खसच्या ताट्या झिजल्या होत्या, म्हणून सकाळीच मी इतवारीत जाऊन नव्या सांगून आलो. दुपारपर्यंत त्या माझ्या धरमपेठेतल्या दवाखान्याच्या खिडक्यांना लागल्या आणि माझे मदतनीस नत्थूजी बादलीतून त्यांवर पाणी मारू लागले. खोलीत तो ओला, मातकट, गार वास भरला. बाहेर रस्त्यावर माणूस नव्हतं. नागपुरात मे महिन्यात दोन ते चार या वेळात जी शांतता असते, तशी मध्यरात्रीही नसते.

तुम्ही परवा विचारलंत, की रुग्णांकडून गोष्टी सांगून घेण्याची पद्धत मी का सोडली. तेव्हा बाहेर लोक बसले होते, म्हणून टाळलं. आज कुणी नाही. सांगतो.

सकाळी मी सरकारी इस्पितळात साठ-सत्तर वेड्या माणसांना पाच-पाच मिनिटं द्यायचो आणि दुपारी या खोलीत एकेकाला तासभर. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी लवकर जाण्याचं कारण नव्हतं, आणि इथे बसण्याचा उत्साहही फारसा उरला नव्हता. पण एका गोष्टीवर माझा अजून विश्वास होता. माणसाला त्याची आठवण विचारली की तो सावध होतो. नको ते गाळतो, हवं ते घालतो, आणि हे आपण करतोय हे त्यालाही कळत नाही. त्याला म्हणावं, ही खोटी गोष्ट आहे, हिचा तुमच्याशी काही संबंध नाही, मनाला येईल तशी पुढे न्या. मग तो बिनघोर बोलतो. स्वतःपासून लपवलेलं सगळं राक्षसाच्या, जादूगाराच्या, पाताळातल्या राणीच्या नावावर टाकतो. नेणिवेला स्वतःची भाषा नसते. ती अद्भुत कथांची भाषा उसनी घेते. असं मी तेव्हा मानत होतो, आणि ते चूक होतं असं आजही म्हणता येत नाही. तीच तर अडचण आहे.

सगळ्यांना मी एकच सुरुवात द्यायचो. ‘एका माणसाच्या घरात एक पायरी होती. ती खाली जात होती, पण कुठे, ते कुणी पाहिलं नव्हतं.’ एवढं सांगून मी थांबायचो.

त्या सोमवारी श्रावण निनावे आठव्यांदा आला होता. पस्तिशीचा, उंच, सावळा माणूस. घराणं खाप्याचं, विणकराचं. बाप गेल्यावर माग बंद पडला आणि हा कोराडीच्या वीज केंद्रात कामाला लागला. राख वाहून नेणाऱ्या नळांवर त्याचं काम होतं. आठ महिने त्याला झोप नव्हती. डोळा लागला की गुदमरून उठायचा. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. त्याची बायको मैनाबाई हिनं पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तो घरात कशावरच झाकण ठेवू देत नव्हता. पिठाचा डबा, दुधाचं पातेलं, पाण्याचा माठ, सगळं उघडं. मुंग्या झाल्या, दूध नासलं, तरी नाही. हे कधीपासून, म्हणून विचारलं, तर तिनं आठवून सांगितलं, की आमच्या पोरीला सातवं पूर्ण झालं त्या महिन्यापासून.

पहिल्याच दिवशी श्रावणनं माझी पायरी उचलली आणि ती मागाच्या खड्ड्यात नेऊन ठेवली. हातमागावर विणकर बसतो तेव्हा त्याचे पाय जमिनीतल्या एका खड्ड्यात सोडलेले असतात आणि तिथल्या पावड्या तो पायानं दाबतो. माणसाच्या कमरेइतका खोल असतो तो. श्रावणच्या गोष्टीतला माणूस त्या खड्ड्यात उतरतो, तर खाली आणखी पायऱ्या. उतरत उतरत तो एका गावात पोचतो. गावात सारखी दुपार. ऊन आहे, पण सूर्य नाही. घराघरात माग चालू आहेत, खटखट ऐकू येते, पण मागावर कुणी बसलेलं नाही. विणलेलं कापड भिंतीत जातं.

दर खेपेला तो एका घरापुढे सरकायचा. दिवाणावर पडून, डोळे मिटून, थकलेल्या आवाजात, जणू कामावरचा हिशोब द्यावा तसा बोलायचा. पाचव्या खेपेला तो शेवटच्या घरात शिरला. तिथे मागाच्या खड्ड्यात एक लहान पोरगी पाठमोरी बसली होती. ती मान न वळवता म्हणाली, तू बस थोडा वेळ, मी वर जाऊन येतो.

आमच्याकडच्या बोलीत बाई असो की पुरुष, ‘मी येतो’ असंच म्हणतात, हे लक्षात ठेवा.

तिथे गोष्ट अडली. सहाव्या खेपेला तेच, सातव्या खेपेला तेच. पोरगी बस म्हणायची, आणि श्रावण डोळे उघडून घामेघूम उठून बसायचा. दार कुठे आहे ते बघायचा.

माझ्यासमोर सगळं स्वच्छ होतं. लहानपणी काहीतरी घडलंय, त्यात एक मुलगी आहे, झाकण आहे, झोप आहे. गोष्ट पुरी झाली की आठवण वर येईल, माणूस रडेल, आणि हात सुटेल. असं मी आधी पाहिलं होतं. पण घाई करू नये, हेही मला ठाऊक होतं. माणूस स्वतः बसेल तेव्हा बसेल. त्या सोमवारनंतर मात्र मी महिनाभर रजेवर जाणार होतो. सकाळपासून डोकं ठणकत होतं. परत आल्यावर पुन्हा त्याच घराच्या दारात, त्याच पोरीच्या पाठीकडे बघत बसायचं, याचा मला कंटाळा आला होता. कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो.

त्या सोमवारीही पोरगी बस म्हणाली. श्रावण थांबला. त्याचा श्वास वाढला.

मी म्हणालो, “बसा.”

त्यानं मान हलवली. “नाही साहेब… बसलो तं उठता नाही येणार.”

“गोष्ट आहे ही, श्रावण. बसा आणि पुढे सांगा.”

बराच वेळ फक्त ताट्यांतून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मग त्याचा श्वास हळूहळू उतरला. उजव्या हाताची बोटं, आठ महिने न मिटलेली, एकेक करून मिटली. आणि तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “बसला.”

‘बसलो’ नाही. ‘बसला.’ ते माझ्या कानांनी ऐकलं आणि मी वहीत लिहिलंही. त्यावर विचार मात्र केला नाही. कारण तो उठून बसला तेव्हा हसत होता. हाताची मूठ उघडून मिटून बघत होता. मी त्याला काही आठवतं का विचारलं, तर नाही म्हणाला. बाहेर मैनाबाई बसली होती, तिच्याकडे त्यानं नवीन माणसाकडे बघावं तसं क्षणभर पाहिलं आणि तिच्या मागोमाग उन्हात निघून गेला.

मी रजेवर गेलो.

जूनच्या शेवटी परत आलो तेव्हा मैनाबाई एकटीच आली. नवरा कसा आहे विचारलं, तर म्हणाली, चांगला आहे. दगडासारखा झोपतो. हात चालतो. कामावर खाडा नाही. डब्यांवर झाकणं स्वतः लावतो. मग तिनं एकेक सांगायला सुरुवात केली, तक्रार म्हणून नाही, अवघड वाटतं म्हणून. तो रोज पोरीची वेणी घालतो. यापूर्वी कधी कंगवाही धरला नव्हता, आता चारपदरी घालतो, घट्ट, जुन्या बायका घालायच्या तशी. दुपारी पोरीशी सागरगोटे खेळतो आणि हरला की रुसतो. बायकोजवळ झोपत नाही. दाराशी, पोरीच्या अंथरुणाला लागून झोपतो.

“अन् परवा,” ती म्हणाली, “मी भाकर करून राहिली होती. मागून आला, अन् म्हणे, मले भूक लागली, वहिनी.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “मी तं काहीच नाही बोलली जी. वाढलं.”

मी तिला सांगितलं, की असं होतं. मन जड गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात घेतं. त्याला आमच्या शास्त्रात नाव आहे. तिनं नाव विचारलं नाही. त्याला बहीण होती का, असं मी विचारलं. ती म्हणाली, कधी ऐकलं नाही. सासूबाईंना विचारा.

पुढच्या रविवारी मी खाप्याला गेलो. रुख्माबाई निनावे कन्हान नदीच्या बाजूला एका लहानशा घरात एकट्या राहत होत्या. सत्तरीच्या, वाळलेल्या, ताठ बसणाऱ्या. श्रावणचा डॉक्टर म्हणून सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, तो झोपतो का आता? झोपतो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगताना त्यांचा आवाज कुठेच अडला नाही. अंजना थोरली, सात वर्षांची. श्रावण पाच वर्षांचा. असाच उन्हाळा. पोरगी नुकती तापातून उठली होती. नवरा सूत आणायला गेलेला, रुख्माबाई स्वतः बाजाराला. पोरं घरात लपाछपी खेळत होती. अंजना परसातल्या पत्र्याखालच्या मागाच्या खड्ड्यात उतरली. श्रावणनं वरची फळी ओढून घेतली आणि तिच्यावर बसला. पकडली म्हणून. बसल्या बसल्या उकाड्यानं त्याला झोप लागली. एक हात फळीच्या कडेला गच्च धरून तो तसाच झोपला होता. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा त्यांना आधी झोपलेलं पोर दिसलं. किती शांत झोपलाय म्हणून त्यांनी त्याला उठवलंही नाही. अंजनाला बाहेर हाका मारत फिरल्या.

“त्याले सांगतलं, अंजी मामाच्या घरी गेली उमरेडले,” त्या म्हणाल्या. “चार दिवस विचारलं त्यानं. मंग नाही विचारलं. आमाले वाटलं, बरं झालं.”

खरं सांगतो, ऐकताना माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. आपलं सगळं बरोबर निघालं, हे होतं. झोप, हात, झाकण, मुलीचं सातवं वर्ष, एकेक धागा बरोबर. मग मला पोरीची चारपदरी वेणी आठवली. मी विचारलं, अंजनाला वेणी घालता यायची का. रुख्माबाई म्हणाल्या, शेजारपाजारच्या सगळ्या पोरींची तीच घालायची.

त्याच आठवड्यात रुख्माबाई कोराडीला मुलाच्या घरी गेल्या. मी सुचवलं नव्हतं. पुढचं मैनाबाईनं मला सांगितलं ते असं. म्हातारी दारात उभी राहिली तेव्हा श्रावण पोरीसोबत जमिनीवर बसला होता. त्यानं वर पाहिलं. पस्तीस वर्षांचा, मिशा असलेला माणूस. तो म्हणाला, “माय, बाजारात लय उशीर लावला तुनं.”

म्हातारी तिथेच खाली बसली. त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. त्यानंतर ती खाप्याला परत गेलीच नाही.

ऑगस्टमध्ये मी श्रावणला पुन्हा बोलावलं. मैनाबाई त्याला घेऊन आली आणि बाहेर बाकावर बसली. पाऊस नव्हता, ढग खाली आले होते, आणि दुपार असून खोलीत अंधार होता. दिवा लावायचं मला सुचलं नाही. तो दिवाणावर आडवा झाला, पाय जवळ घेऊन, कुशीवर. मी म्हणालो, आज गोष्ट मी सांगतो.

मी पायरी सांगितली. खड्डा सांगितला. गाव सांगितलं, रिकामे माग सांगितले. सांगता सांगता माझ्या लक्षात येऊ लागलं, की मला शब्द शोधावे लागत नाहीत. त्यानं कधी न सांगितलेलंही मी सांगत होतो. एका दारापुढे उलटं पडलेलं सूप. एका भिंतीवर चुन्यानं ओढलेल्या रेघा. नाकात सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास येत होता. मी शेवटच्या घराशी आलो. आत माग चालू होता, आणि खड्ड्यात एक माणूस पाठमोरा बसला होता.

मी म्हणालो, “श्रावण, वर या.”

फरशीखालून आवाज आला. मी हे बारा वर्षांनी सांगतोय आणि आजही शब्द बदलत नाही. पावडी दाबल्यावर मागाचा जो बोजड ठोका पडतो, तो. एक. मग थोड्या वेळानं आणखी एक. नत्थूजी दारात उभे होते, हातात बादली, आणि ते माझ्याकडे नाही, फरशीकडे बघत होते.

“श्रावण,” मी पुन्हा म्हणालो.

दिवाणावरचा माणूस बोलला. डोळे उघडे होते. आवाज श्रावणचाच होता, पण बोलणं समजावणीचं, मोठ्या बहिणीनं धाकट्याबद्दल बोलावं तसं.

“नोका उठवू जी त्याले… लय वर्सांनी झोपला तो.”

“तुम्ही कोण?”

थोड्या वेळानं ती व्यक्ती म्हणाली, “मी त्याच्यावर रागावली नाही. तो लहान होता.”

खालचा ठोका थांबला. मी पुढे जायला हवं होतं. आणखी एकदा हाक मारायला हवी होती, उठवायला हवं होतं. पण खुर्चीचे हात धरून मी बसून राहिलो, आणि मनात एकच येत होतं, की उठवून त्याला काय द्यायचं? त्या दुपारची आठवण. ती घेऊन त्यानं कुठे जायचं?

दार उघडं होतं. मैनाबाईनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, तिनं त्याला हाताला धरून उठवलं, बाहेर नेऊन बसवलं, आणि एकटी परत आली. मी तिला समजावू लागलो, की आणखी दोन-तीनदा बसलो तर कदाचित जमेल.

“मंग त्या आठ महिन्यांवानी होईन सगळं?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, कदाचित. काही दिवस.

ती उभीच होती. तिचे डोळे इतके दमलेले होते की मला तिच्याकडे बघवेना. “घरात कोणी रडत नाही आता,” ती म्हणाली. “म्हातारी जेवते. पोरगी हासते. पगार येते. माहा नवरा नाही, हे मले एकटीले माहीत हाय. मी एकटी सोसतो. राहू द्या.”

तिनं नमस्कार केला आणि ती गेली. मी थांबवलं नाही. डॉक्टर म्हणून थांबवायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मीही कधी कधी म्हणतो.

त्यानंतर मी कुणाला गोष्टीची सुरुवात दिली नाही. ती वही जाळली नाही, पण उघडलीही नाही. निनावे कुटुंब अजून कोराडीत आहे, असं ऐकतो. रुख्माबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलाच्या मांडीवर. नत्थूजींनी सत्याहत्तरातच काम सोडलं. आता मी फक्त झोपेबद्दल विचारतो, भुकेबद्दल विचारतो, गोळ्या लिहून देतो.

गेल्या मे महिन्यात इथलीच, धरमपेठेतली, एक कॉलेजात शिकणारी मुलगी आली. परीक्षेची भीती, छातीत धडधड. घरातली भाषा शुद्ध, पुस्तकी. खाप्याचं तिनं नावही ऐकलेलं नाही, ते मी विचारून घेतलं. मी झोपेबद्दल विचारलं. ती म्हणाली, दुपारी अभ्यास करताना डोळा लागतो आणि एक स्वप्न पडतं. दोन-तीनदा पडलंय. भीतीचं नाही, पण उठल्यावर रडू येतं. मी विचारलं नव्हतं. तिनं आपणहून सांगितलं.

एक गाव आहे, खूप ऊन आहे. शेवटच्या घरात एक माणूस जमिनीतल्या खड्ड्यात बसून विणतोय. तो झोपलेला आहे, डोळे मिटलेले, पण हात चालू आहेत. तिची चाहूल लागली की तो म्हणतो, “बाई, थोडंसं पाणी पाजता का जी?” ती उशाचा तांब्या त्याच्या हातात देते. तो डोळे न उघडता सगळं पाणी पितो, आणि तांब्या परत देतो.

“मग मी जागी होते, सर. आणि उशाशी तांब्या असतो, तो कोरडा असतो. आई म्हणते, मीच झोपेत पीत असेन.”

मी तिला गोळ्या लिहून दिल्या. ती उठली, दारापर्यंत गेली, तेव्हा मी तिला हाक मारून थांबवलं आणि सांगितलं, की उन्हाळा आहे, तोवर उशाशी एकाऐवजी दोन तांबे भरून ठेव.